स्ट्रेप्टोमायसीन चाचणी

फुफ्फुसाच्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक खरोखर गुणकारी आहे का, हे ठरवण्यासाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७ च्या आरंभी सुरू केलेली तुलनात्मक चाचणी. तिचा अहवाल ३० ऑक्टोबर १९४८ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कोणाला मिळणार हे डॉक्टरांच्या निवडीवर न ठेवता यादृच्छिक आकड्यांवर सोपवल्यामुळे वैद्यकीय संशोधनाच्या इतिहासात ती पायाभूत मानली जाते. तिला सरसकट ‘पहिली’ म्हणण्याची प्रथा मात्र नेमकी नाही. कौन्सिलचीच डांग्या खोकल्याच्या लशीची यादृच्छिक चाचणी १९४६ मध्ये सुरू झाली होती. तिचे निष्कर्ष १९५१ मध्ये आले, इतकेच.

स्ट्रेप्टोमायसीनचा शोध १९४३ मध्ये अमेरिकेतील रटगर्स येथे सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांच्या हातून लागला. गिनीपिगमधील क्षयावर ते प्रभावी ठरल्यावर जगभर आशा पसरली. पण क्षयाच्या बाबतीत अशी आशा पूर्वीही फसली होती. सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने कित्येक वर्षे दिली जात होती. त्यांचे दुष्परिणाम गंभीर होते आणि उपयोग कधीच नीट सिद्ध झाला नव्हता. याचे कारण रोगाच्या स्वभावात आहे. क्षयाचे काही रुग्ण विश्रांतीने आपोआप सुधारतात, काही झपाट्याने खालावतात, आणि कोण कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही. अशा रोगात ‘औषध दिले आणि रुग्ण बरा झाला’ एवढ्यावरून औषधाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

युद्धानंतरच्या ब्रिटनकडे डॉलरची टंचाई होती, त्यामुळे हे अमेरिकी औषध अगदी थोडे आले. त्यातला काही भाग क्षयजन्य मेंदुज्वर आणि सर्व शरीरभर पसरलेला मिलियरी क्षय यांच्या रुग्णांसाठी राखून ठेवला गेला. हे रोग तेव्हा जवळजवळ हमखास प्राणघातक होते, म्हणून तेथे तुलनागट ठेवला नाही. नैतिक विवेकाचा हा भाग अनेकदा सांगायचा राहून जातो. उरलेले औषध सगळ्या फुफ्फुसक्षयींना पुरणे शक्यच नव्हते, म्हणून काहींना न मिळणे हे चाचणीमुळे नव्हे तर टंचाईमुळेच अटळ होते. ते वाटताना ज्ञानही मिळावे अशी योजना आखली गेली.

योजनेमागचे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना क्षयाचा स्वतःचा अनुभव होता. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या हवाई दलात असताना त्यांना हा रोग जडला. डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला, दीर्घ आजारपणात त्यांनी बाहेरून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे ते संख्याशास्त्राकडे वळले.

चाचणीत १५ ते ३० वयाचे, दोन्ही फुफ्फुसांत नुकताच व वेगाने वाढणारा, जंतू सापडून सिद्ध झालेला क्षय असलेले आणि फुफ्फुस दाबून बसवण्याच्या शस्त्रोपचारांना अयोग्य ठरलेले १०७ रुग्ण घेतले गेले. अटी इतक्या काटेकोर ठेवल्यामुळे दोन्ही गटांत सारखाच रोग तोलला गेला. ५५ जणांना खाटेवरच्या विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसीन मिळाले: दर सहा तासांनी इंजेक्शन, दिवसाला २ ग्रॅम, चार महिने. ५२ जणांना तेव्हाचा प्रचलित उपचार, म्हणजे केवळ विश्रांती. पाण्याची खोटी इंजेक्शने त्यांना दिली गेली नाहीत.

हिल यांचा खरा ठसा वाटपाच्या पद्धतीवर आहे. त्याआधी ‘एकाआड एक’ अशी पद्धत रूढ होती: पहिल्याला औषध, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला औषध. वरवर ती निःपक्षपाती दिसते. पण पुढचा क्रमांक कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच ठाऊक असते. अगदी खंगलेली तरुणी दारात उभी आहे आणि पुढची पाळी औषधाविना गटाची आहे, तेव्हा एखादा कनवाळू डॉक्टर तिचा प्रवेश एक दिवस पुढे ढकलेल. दुसरा, औषध यशस्वी व्हावे या उत्सुकतेने, तिला मुद्दाम त्याच पाळीत दाखल करेल. दोघांच्याही मनात लबाडी नसेल, तरी गट कलतील. म्हणून हिल यांनी प्रत्येक केंद्रासाठी, स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या यादृच्छिक क्रमाने, बंद पाकिटे तयार केली. पाकिटावर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. रुग्ण चाचणीत स्वीकारल्यानंतरच ते उघडायचे. वैद्यकीय विद्यार्थी ‘यादृच्छिक’ हा शब्द लक्षात ठेवतात आणि पाकीट विसरतात. मला पाकीट जास्त महत्त्वाचे वाटते. आकडे कितीही यादृच्छिक असले तरी ते आधी दिसत असतील तर त्यांचा उपयोग उरत नाही. याच सावधगिरीने एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही फिल्म कोणत्या गटातील रुग्णाची आहे ते सांगितले नव्हते.

सहा महिन्यांअखेर औषधाच्या गटात ५५ पैकी ४ (७%) आणि तुलनागटात ५२ पैकी १४ (२७%) रुग्ण दगावले. अहवालाने म्हटले की असा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता (पी-मूल्य) शंभरात एकाहून कमी आहे. आज हेच आकडे अधिक बोलके करून मांडता येतात. मृत्यूच्या जोखमीतला फरक सुमारे २० टक्के, म्हणजे पाच जणांवर उपचार केले की त्या मुदतीत एक मृत्यू टळतो. गट लहान असल्याने या फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा मात्र सुमारे ६ ते ३३ टक्के इतकी रुंद आहे. फायदा आहे हे नक्की, तो नेमका किती हे तितके नक्की नाही. पी-मूल्य पाठ करणाऱ्याने या दोन विधानांतले अंतर मनात पक्के करून घ्यावे. एक्स-रेमध्ये ठळक सुधारणा औषधाच्या गटात २८ जणांत दिसली, तुलनागटात ४ जणांत. हे चार रुग्ण नुसत्या विश्रांतीने सुधारले होते. त्यांना एखादे निरुपयोगी औषध दिले असते तर श्रेय त्या औषधाला गेले असते.

गोष्ट येथे संपत नाही. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषधाच्या गटातील ३२ आणि तुलनागटातील ३५ रुग्ण मरण पावलेले होते. औषध घेणाऱ्या बहुतेकांच्या बेडक्यातील जंतू स्ट्रेप्टोमायसीनला दाद देईनासे झाले होते. अहवालातच या प्रतिरोधाची नोंद होती, आणि कौन्सिलने लगेच स्ट्रेप्टोमायसीन व पॅरा-अमायनोसॅलिसिलिक आम्ल (पास) एकत्र देऊन पुढची चाचणी घेतली. दोन औषधे बरोबर दिल्यास प्रतिरोध खूप कमी होतो हे तिच्यात दिसले. क्षयावर एकटे औषध न देण्याचा आजचा नियम या मृत्यूंमधून आला आहे.

संमतीच्या बाबतीत मात्र ही चाचणी आजच्या कसोटीला उतरत नाही. आपण तुलनागटात आहोत हे त्या ५२ जणांना रुग्णालयातील मुक्कामात कळू दिले नाही. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून निघालेल्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य ठरवली ती ऑगस्ट १९४७ मध्ये, म्हणजे चाचणी चालू असतानाच. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. टंचाईमुळे वाटप न्याय्य होते, हा युक्तिवाद मला पटतो. पण ज्याला औषध मिळणार नाही त्याला ते सांगूही नये, हे त्यातून सिद्ध होत नाही. न्याय आणि स्वायत्तता ही दोन वेगळी तत्त्वे आहेत. एक पाळले म्हणून दुसरे पाळले असे होत नाही.

यादृच्छिक चाचण्यांच्या या परंपरेचा भारताशी थेट संबंध आहे. मद्रास येथे १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि हीच ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून क्षय रसायनोपचार केंद्र उभारले. आजची चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून काहींवर आरोग्यधामात आणि काहींवर घरीच आयसोनियाझिड व पास यांचे उपचार झाले. १९५९ पासून आलेले निष्कर्ष धक्कादायक होते: दाटीवाटीच्या, गरीब घरांतले रुग्णही जवळपास तितकेच सुधारले आणि घरातल्या माणसांना संसर्गाचा धोका वाढल्याचे आढळले नाही. औषध घरी दिल्यावर ते खरेच घेतले जाते का, हा प्रश्न मात्र उरला. कर्मचारी न सांगता घरी जात, गोळ्या मोजत आणि लघवी तपासत. बरे वाटू लागले की औषध सुटते, ही मनुष्यस्वभावाची बाब त्यांनी दोष न देता मोजली, आणि १९६० च्या दशकात त्याच केंद्राने कर्मचाऱ्याच्या समोर आठवड्यातून दोनदा औषध देण्याची पद्धत चाचणीला लावली. देखरेखीखाली औषध देण्याच्या पुढच्या ‘डॉट्स’ कार्यक्रमाचे मूळ त्या कामात आहे.