अंगावरील काळे चट्टे : रंगाआधी कारण शोधणे महत्त्वाचे

अंगावर काळा चट्टा उमटला, की तो कशामुळे आला यापेक्षा तो जाईल कसा, हा प्रश्न आधी विचारला जातो. औषधाच्या दुकानातून मलमाची नळी येते, लिंबू चोळून होते, शेजारच्यांनी सांगितलेला लेप लावून होतो. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ बहुधा त्यानंतर येते. वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चट्टा म्हटला की येथील जुन्या पिढीला आजही कुष्ठरोग आठवतो.

त्याला कारणही आहे. मनोहर दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री १९३९ मध्ये कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्राम आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांची शुश्रूषा स्वतःकडे घेतली. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि तिचे मुख्य कार्यालय वर्ध्यात आले. घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि रुग्णाला त्याच्या घरी ठेवूनच उपचार ही पद्धत या संस्थेने रूढ केली व पुढे राष्ट्रीय कार्यक्रमानेही ती स्वीकारली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत वर्धा होता. अंगावर काळे चट्टे उमटविणारे एक औषध याच उपचारात आहे.

रोगाचा चट्टा आणि औषधाचा चट्टा

कुष्ठरोगाचा चट्टा काळा असतो, हा समज चुकीचा आहे. तो सभोवतालच्या त्वचेपेक्षा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही आणि बहुतेक वेळा त्या जागी स्पर्श, उष्णता वा वेदना कळत नाही. हा बधिरपणाच त्याची खरी खूण होय. काळा रंग येतो तो क्लोफॅझिमाइन या औषधाने.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या उपचारात रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमाइन आणि डॅप्सोन ही तीन औषधे आहेत. २८ दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफॅझिमाइन ३०० मिलिग्रॅम आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचे असते. रोज क्लोफॅझिमाइन ५० आणि डॅप्सोन १०० मिलिग्रॅम घरी घ्यायचे असते. पाचपेक्षा अधिक चट्टे असलेल्या प्रौढ रुग्णास हे १२ महिने चालते.

क्लोफॅझिमाइन हे मुळात एक लाल रंगद्रव्य आहे. आयर्लंडमधील डब्लिन येथे १९५० च्या दशकात क्षयरोगावरील औषधांचा शोध सुरू असताना ते तयार झाले आणि कुष्ठरोगात अधिक उपयोगी ठरले. (औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरही आता ते वापरले जाते, त्यामुळे त्या रुग्णांची त्वचाही काळवंडते.) हे औषध शरीरातील चरबीत व जंतू गिळणाऱ्या पेशींत साठते. त्वचा आधी तांबूस, मग तपकिरी आणि काही रुग्णांत काळसर होते. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावर, तसेच जेथे मूळचा चट्टा आहे तेथे हा रंग अधिक गडद होतो. घाम आणि लघवीलाही लालसर छटा येऊ शकते. लघवीचा रंग रिफाम्पिसिननेही बदलतो.

येथेच उपचारातील सर्वांत नाजूक वळण येते. रोगाचा फिकट चट्टा सदऱ्याखाली किंवा पदराआड लपलेला असतो. तोपर्यंत कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट औषध सुरू झाल्यावर चारचौघांना दिसू लागते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल, दुकानात गिऱ्हाइकांसमोर उभा राहणारा तरुण असेल, तर रोगापेक्षा औषधच शत्रू वाटू लागते. गोळ्या परस्पर बंद करण्यामागे हे एक नेहमीचे कारण आहे. त्याची किंमत मात्र मोठी असते. उपचार अर्धवट राहिल्यास जंतू टिकून राहतात, मज्जातंतूंची हानी होत राहते आणि हाताची बोटे वाकडी होणे, पाऊल लुळे पडणे, तळव्याला न भरणाऱ्या जखमा होणे, अशी व्यंगे येतात. ती रंगासारखी मावळत नाहीत.

रंग मात्र मावळतो. या औषधाचे प्रमाण शरीरात निम्म्यावर येण्यास सुमारे ७० दिवस लागतात. म्हणूनच उपचार संपल्यावर काळेपणा लगेच जात नाही; तो काही महिन्यांत, क्वचित वर्षाहून अधिक काळाने हळूहळू ओसरतो. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी, पहिले पाकीट हातात देतानाच सांगितले गेले पाहिजे. नंतर सांगितलेले स्पष्टीकरण सारवासारव वाटते.

या रंगावर गोरेपणाची मलमे लावू नयेत. त्यांचा उपयोग होत नाही आणि आधीच कोरडी पडलेली त्वचा आणखी सोलवटते. क्लोफॅझिमाइनने विशेषतः पायांची त्वचा खवल्यांसारखी होते. हातपाय थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवून ओलसर त्वचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावणे पुरेसे असते. उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे व दुपट्टा वापरावा. वैदर्भीय उन्हाळ्यात तो तसाही लागतोच. इतके करूनही रंग असह्य होत असल्यास क्लोफॅझिमाइनऐवजी ऑफ्लॉक्सॅसिन किंवा मिनोसायक्लिन देण्याची सोय आहे, पण तो निर्णय डॉक्टरांचा. गोळी गुपचूप कचऱ्यात टाकण्यापेक्षा तक्रार तोंडाने सांगितलेली बरी.

काळेपणा निरुपद्रवी असला, तरी प्रत्येक बदल तसा नसतो. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, खाज, कावीळ दिसल्यास ती डॅप्सोनची घातक प्रतिक्रिया असू शकते. गोळ्या थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चट्टे एकाएकी लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या किंवा हातापायांतील शक्ती कमी वाटली, तर ती रोगाची प्रतिक्रिया असते. तेव्हा गोळ्या चालूच ठेवून तातडीने वेगळे उपचार घ्यावे लागतात.

पाच किंवा त्याहून कमी चट्टे असलेल्या रुग्णांना पूर्वी भारतात दोनच औषधे दिली जात. १ एप्रिल २०२५ पासून त्यांनाही सहा महिने तिन्ही औषधे देण्याचे धोरण आहे. म्हणजे एखाददुसरा चट्टा असलेल्यांच्या अंगावरही आता हा रंग दिसणार.

इतर काळे डाग

काळ्या डागांपैकी बहुतेकांचा कुष्ठरोगाशी संबंध नसतो. मान, काखा आणि जांघा मखमलीसारख्या जाड व काळ्या पडतात, तेव्हा तो मळ समजून घासला जातो. प्रत्यक्षात बहुतेकदा ती शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होत असल्याची खूण असते. अशा वेळी मलमाआधी रक्तातील साखर तपासावी. वजन उतरले की रंगही उतरतो. पाठीवर आणि दंडांवर लाटांसारखा दिसणारा काळेपणा वर्षानुवर्षे नायलॉनची घासणी वापरल्यानेही येतो. तेथे पहिला उपचार म्हणजे घासणी फेकून देणे.

प्रत्येक वेळी त्याच जागी गोल, जांभळट-काळा डाग उमटत असेल, तर घेतलेल्या गोळ्या आठवून पाहाव्यात. वेदनाशामके, सल्फायुक्त औषधे, जुलाबावरील मेट्रोनिडॅझोलसारख्या गोळ्या यांनी असे घडते. औषध ओळखून ते कायमचे टाळले नाही, तर प्रत्येक खेपेस डाग गडद होतो आणि कधी नवे डागही येतात. गुडघेदुखीवर बिब्बा घालण्याची रीत खेड्यांत अजून आहे; त्याने फोड येऊन मागे काळा डाग राहतो. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांचेही तेच होते. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीनंतर अनेकांच्या नाकावर काळेपणा राहिला होता. तो रोग संपल्याची निशाणी होता, नव्या रोगाची नव्हे.

दाह, मुरूम वा गजकर्ण बरे झाल्यावर राहणारा डाग वरच्या थरात असेल तर तपकिरी दिसतो व काही महिन्यांत फिकट होतो. रंगद्रव्य खालच्या थरात उतरले असेल, तर डाग राखाडी-निळसर दिसतो आणि जाण्यास फार वेळ घेतो. उन्हापासून संरक्षण नसेल, तर कोणतेच मलम टिकाऊ गुण देत नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, अ‍ॅझेलेइक आम्ल ही औषधे उपयोगी आहेत, पण मुदतीपुरतीच. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यास त्वचा उलट कायमची काळवंडू शकते.

सर्वाधिक नुकसान करतात ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे. गजकर्णावर ती लावली की दोन दिवस खाज थांबते आणि बुरशी पसरत राहते. चेहऱ्यावर लावली की आधी उजळपणा येतो, मग त्वचा पातळ, लाल व केसाळ होते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत आणली. दुकानात ती मागताच मिळाली, तरी नियम तोच आहे.

तपासणी कोठे

कुष्ठरोगाची तपासणी व औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहेत. त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे मिळू शकतो. जाताना आतापर्यंत लावलेल्या मलमांच्या नळ्या आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या सोबत न्याव्यात. घरी करता येण्याजोगी चाचणी साधी आहे : डोळे मिटलेल्या व्यक्तीच्या चट्ट्यावर कापसाचे टोक हलकेच टेकवावे आणि स्पर्श झाला तेथे तिने बोट ठेवावे. स्पर्श कळला नाही, तर चट्टा कितीही लहान वा फिकट असला तरी तपासणी आवश्यक आहे. कळला, तरी महिनोन्महिने न जाणारा चट्टा डॉक्टरांना दाखवावाच. पाठ आणि कमरेखालचा भाग आरशात दिसत नाही, म्हणून तो घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावा.