एकवीस वर्षांनी एकदा येणारा आनंद

परवा गल्लीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, तुमची टीम कुठली? मुंबई की चेन्नई?" म्हटलं, "महाराष्ट्र." तो म्हणाला, "ही टीम आयपीएलमध्ये कधी आली?" हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी नकाशा सांगतो. १ मे १९६० ला संयुक्त महाराष्ट्र झाला, पण क्रिकेटनं ते कधी मनावर घेतलं नाही. रणजी करंडकात आपल्या एका राज्याचे आजही तीन संघ आहेत: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. आपलं जळगाव, धुळं, नंदुरबार तिसऱ्यात. मुंबईकडे ४२ रणजी करंडक. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन घेतले. आणि आपल्याकडे? दोन. तेही स्वातंत्र्याच्या आधीचे, १९३९-४० आणि १९४०-४१ चे.

ते दोन्ही आणले प्रा. दि. ब. देवधरांनी. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा माणूस. पहिला करंडक उचलला तेव्हा वय ४८. पुढच्या हंगामात त्याच वयात मुंबईविरुद्ध २४६ धावा ठोकल्या! मी शिक्षक झालो त्यात देवधरांचाही थोडा हात आहे, असं मी गमतीनं सांगत असतो.

हे सगळं मला सांगितलं आप्पांनी, म्हणजे वडिलांनी. आप्पा धुळ्यात गिरणीत कामाला. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट तर त्यांनी शंभरदा सांगितली असेल. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर, आणि काठियावाडचा संघ मॅच सोडून निघून गेला! आप्पा एवढं सांगून थांबायचे आणि म्हणायचे, "भाऊ, आपल्या संघाचं हे असंच शे. जवळ जायाचं."

पहिली फायनल मला आठवते ती १९७१ ची. मी दहा वर्षांचा. मुंबई ओळीनं बारा वर्षं चॅम्पियन, पण वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर सगळे वेस्ट इंडीजला गेलेले. मुंबईचा कप्तान सुधीर नाईक, आपला चंदू बोर्डे. आता नाही तर कधीच नाही! गल्लीत सगळे मुंबईच्या बाजूनं, आमचं एकच घर महाराष्ट्राचं. आप्पा मला सायकलवर पुढं बसवून रोज वाचनालयात न्यायचे, पेपर बघायला. शेवटच्या दिवशी त्यांनी पेपर वाचला, घडी घातली आणि जागेवर ठेवला. ४८ धावांनी हरलो होतो. येताना शब्द बोलले नाहीत, पण मला उसाचा रस पाजला.

दुसरी फायनल १९९३ ला. तोवर मी जळगावात नोकरीला, पदरात एक पोरगी. लुधियानात पंजाबकडून हरलो. पंजाबचा तो पहिलाच करंडक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देवधर गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्यानं वाट पाहिली रे."

मग पार २०१४. जानेवारीत वानखेडेवर क्वार्टर फायनल, समोर मुंबई. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे. मी मनातल्या मनात हंगाम संपवून टाकला. आणि आपल्या पोरांनी मुंबईला १२९ मध्ये गुंडाळलं! २५२ चं लक्ष्य दोनच विकेट देऊन पार केलं. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. झोल कुठला? जालन्याचा. अजिंठ्याच्या घाटापलीकडचा पोरगा वानखेडेवर जाऊन मुंबईला हरवतो, हे मोबाइलवर स्कोअर बघताना माझे हात थरथरत होते.

सेमी फायनल बंगालशी, इंदूरला. आपल्याला इंदूर म्हणजे आग्रा रोडनं सरळ. शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा. रजा टाकली आणि धुळ्याहून गाडी पकडली. होळकर स्टेडियममध्ये माणसं मोजकीच. बंगाल पहिल्या डावात ११४, आपले ४५५. दुसऱ्या डावात बंगालनं ३४८ पर्यंत झुंज दिली. आपल्याला हव्या होत्या फक्त आठ धावा. त्या आठ धावा होईपर्यंत मी उभाच होतो. झाल्या, तेव्हा ५३ वर्षांचा हा मास्तर ढसाढसा रडला. शेजारचा इंदुरी माणूस विचारतो, "भाईसाब, बेटा खेल रहा है क्या?" काय सांगणार त्याला?

आप्पांना फोन लावला. वय ८२, ऐकायला कमी. ओरडून सांगितलं, "आप्पा, फायनलला गेलो!" पलीकडे शांतता. मग आवाज आला, "कप्तान कोण शे?" म्हटलं, "रोहित मोटवानी." "आणि मुंबई?" "मुंबईला तर मागच्याच आठवड्यात घरी पाठवलं." आप्पा हसले. तसं हसणं मी नंतर ऐकलं नाही.

फायनल हैदराबादला झाली. कर्नाटकनं सात विकेटनी हरवलं. केदारच्या त्या हंगामात १२२३ धावा, तरी करंडक नाही. पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले.

लोक म्हणतात, हरलेल्या फायनलचा कसला आनंद? खरं सांगू? १९७१, १९९३, २०१४. पोरगा होतो, बाप झालो, केस पिकले. माझं आयुष्य या तीन फायनलमध्ये मोजता येतं. जिंकणाऱ्याच्या मागं उभं राहायला काही लागत नाही. आपलं म्हणून उभं राहायला जन्म जातो.

म्हणून खान्देशातल्या पोरांना सांगतो. आयपीएल बघा, जरूर बघा. पण नाशिकला महाराष्ट्राची रणजी मॅच लागली की एक दिवस काढून जा, अनंत कान्हेरे मैदानावर. धुळ्याहून तीन-चार तास. आणि जिल्ह्याच्या क्रिकेटमध्ये पदं मिरवणाऱ्यांना एक विचारायचंय. जालन्याचा पोरगा वानखेडे गाजवतो, मग आपल्या तालुक्यातल्या पोरांना एक धड टर्फ विकेट, बारा महिने चालणारे नेट कधी मिळणार?

आमच्या हिशेबानं पुढची फायनल २०३५ ला. मी ७४ चा असेन. संघात तोवर एखादा चोपडा, शिरपूर नाहीतर पारोळ्याचा पोरगा असला, तर कुणीतरी मला ओरडून सांगा. ऐकायला कमी येत असेल तेव्हा.