नोकर कोणाचा? : जनपद सभेपासून नगरपंचायतीपर्यंत

नागपुरात ‘बेसा’ म्हटले की आता डोळ्यांपुढे बहुमजली इमारती उभ्या राहतात. वर्धा मार्ग आणि उमरेड मार्ग यांच्यामधले हे गाव काही दशकांपूर्वीपर्यंत शेतांचेच होते. गाव वाढत गेले तसे त्याचे कारभारीही वाढत गेले. तलाठी महसूल खात्याचा. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. इमारतींचे नियोजन २०१७ पासून नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि त्याचा आयुक्त शासनाने नेमलेला. या सर्वांच्या मध्ये गावाने मते देऊन निवडलेला सरपंच, ज्याला यांपैकी एकाचीही बदली करता येत नव्हती. (२०२४ मध्ये तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आणि ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’. पाटी बदलली, वरिष्ठ तेच राहिले.) पुढे बेसा-पिपळा नगरपंचायत स्थापन झाली. सरपंचपद गेले, जिल्हा परिषदेशी असलेले नातेही सुटले, आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आला. तो तर थेट राज्य संवर्गातला.

विकेंद्रीकरणाचा इतिहास लिहिणारे बहुधा निवडणुकांचा इतिहास लिहितात. जागा किती, आरक्षण कोणाला, अध्यक्ष कसा निवडावा. आम्हांस वाटते, खरा प्रश्न त्याच्या एक पायरी खाली आहे. निवडलेल्या सभेचा ठराव अमलात आणणारा पगारी माणूस कोणाला भितो? या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर नागपुरातच शोधले गेले होते, हे आज नागपूरकरांनाही फारसे ठाऊक नसते.

लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ चा. त्यामागोमाग १८८३ मध्ये मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा आला आणि जिल्हा कौन्सिले निघाली. त्यांच्याकडे शाळा, रस्ते, दवाखाने. सत्ता मात्र डेप्युटी कमिशनरकडे. एकाच जिल्ह्यात दोन चुली मांडल्या होत्या, आणि एकीवरच काय ते शिजत होते. १९३७ नंतरच्या काँग्रेस मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य खाते सांभाळणारे द्वारकाप्रसाद मिश्र यांनी या दोन चुली एक करण्याची कल्पना मांडली. युद्धामुळे ती मागे पडली. स्वातंत्र्यानंतर, नागपूर राजधानी असतानाच, १९४८ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड स्थानिक शासन कायद्याने तिला देह मिळाला. जिल्हा कौन्सिले बरखास्त झाली आणि प्रत्येक तहसिलीत जनपद सभा आली. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल यानंतर नऊ वर्षांनी, १९५७ मध्ये यायचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या कायद्याची झेप कळते.

कल्पना अशी की तहसिलीतील सरकारी खात्यांचा कारभार क्रमाक्रमाने सभेकडे यावा आणि सरकारी अधिकाऱ्यानेच सभेचा कार्यकारी म्हणून राबावे. ती फसली कोठे? आमच्या मते नेमकी याच जागी. महसुली अधिकारी सभेचा कार्यकारी झाला खरा, पण त्याची बढती, बदली आणि गोपनीय अहवाल सरकारच्या दप्तरातच राहिले. सकाळी सभेचा सेवक आणि दुपारी सरकारचा हाकिम, अशा माणसाचे मन कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगावयास राज्यशास्त्र लागत नाही. पैशाची चणचण होतीच, आणि खातीही अपेक्षेप्रमाणे हातची सुटली नाहीत. तरी १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा जनपद सभा चालूच होत्या.

या काळात नागपूरच्या सचिवालयात पुसदचे एक तरुण उपमंत्री महसूल खाते पाहात होते. त्यांचे नाव वसंतराव नाईक. १९६० मध्ये महाराष्ट्राने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली तेव्हा तिचे अध्यक्ष हेच. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. त्याबरोबर विदर्भातील जनपद सभा संपल्या. नाईक समितीने तहसील सोडून जिल्हा हा मुख्य घटक धरला, याचे श्रेय तिला सर्वच देतात. आम्हांस अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट : जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवण्याची. दोन टोप्या घालणारा अधिकारी काय करतो, हे जनपद सभांनी आधीच दाखवून दिले होते. नाईकांनी तो धडा त्यातूनच घेतला, असा लेखी पुरावा आमच्यापाशी नाही. पण त्यांनी तो काळ नागपुरात बसून जवळून पाहिला होता, एवढे खरे.

परिषदेला स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला. प्राथमिक शिक्षकांपासून परिचरांपर्यंत मोठा नोकरवर्ग तिच्या सेवेत आला. एकूण सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांनी ठराव केल्यास मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला शासनाने परत बोलवावे, अशी तरतूद कायद्यात आली. इंडोनेशियाने २००१ मध्ये वीस लाखांच्या आसपास सरकारी नोकर जिल्ह्यांच्या हवाली केले, तेव्हा जगभरच्या विकासतज्ज्ञांनी डोळे विस्फारले. त्याच जातीचा व्यवहार महाराष्ट्राने चाळीस वर्षे आधी, फारसा गाजावाजा न करता केला होता.

मात्र हा मुख्य कार्यकारी अधिकारी भारतीय प्रशासकीय सेवेतून आलेला. दोन-तृतीयांशांची अट सहसा पुरी होत नाही, आणि काही वर्षांत तो जाणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. पुढे १९७० च्या दशकात जिल्हा नियोजन मंडळे आली आणि त्यांच्या शिरी मंत्री बसला. १९९८ च्या कायद्याने जिल्हा नियोजन समित्या झाल्या, तरी अध्यक्ष पालकमंत्रीच राहिला. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने निवडणुका घेणे सक्तीचे केले; नोकर कोणाचा, याविषयी ती जवळजवळ गप्पच आहे. त्या गप्प बसण्याची किंमत २०२२ नंतर दिसली. कित्येक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. नागपूरवर ही पाळी २०२५ मध्ये आली. ज्याला परत बोलावण्याचा अधिकार सभेला होता, तोच आता सभेच्या जागी बसून सभेचे ठराव करीत होता.

नागपुरातून उत्तरेस, सावनेर ओलांडून मध्य प्रदेशात सौंसरला गेले की मराठी कानांवर पडतच राहते. तेथील विकासखंडाच्या पंचायतीस आजही ‘जनपद पंचायत’ म्हणतात. नागपूरच्या विधानसभेने कायद्यात घातलेला शब्द तेथे टिकला आहे. बेसा ज्या तहसिलीत मोडत होते, तिचीही एके काळी जनपद सभा होती. पण येथे तो शब्द उच्चारला तर बहुतेकांना एखाद्या प्राचीन राज्याची गोष्ट निघाली असे वाटते.