खांब, भिंत आणि मन

उन्हाळ्यात पवना धरणाचे पाणी ओसरले, की पवनानगर परिसरातील वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर उघडे पडते. पावसाळ्यात ते पुन्हा बुडते. जे महिनोन्महिने कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, ते त्या काळात असते काय? आपण निःशंकपणे ‘असते’ म्हणतो. परंतु ही ग्वाही कशाच्या बळावर? आपल्या मनाबाहेर जग आहे, हे आपणांस कळते तरी कसे?

प्रश्न फार जुना आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास बौद्ध आचार्य वसुबंधू यांनी ‘विंशतिका’ या ग्रंथात तो धीटपणे हाताळला. स्वप्नात गावे, बागा, माणसे दिसतात. नेत्रविकार झालेल्यास नसलेले केस दिसतात. मग जागेपणीचे जगही केवळ विज्ञानाचाच आविष्कार का नसावे?

या मताला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात उत्तर दिले. आपण खांब पाहतो, भिंत पाहतो. खांबाचे ज्ञान पाहत नाही. आतले ज्ञानच बाहेरच्यासारखे भासते, असे म्हणणाऱ्याने ‘बाहेर’ हे आधीच मान्य केलेले असते. जे मुळी नाहीच, त्याच्यासारखे काही भासणार कसे? जगाला अंतिम सत्य न मानणाऱ्या अद्वैती आचार्यांनीच ही बाजू मांडावी, हे लक्षणीय होय.

युरोपात तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी ज्ञानाचा आरंभ इंद्रियांपासून होतो, असे शिकविले. सृष्टीला निर्मात्याने दिलेले खरेखुरे अस्तित्व आहे, ही त्यामागील श्रद्धा. उलट १७१० साली जॉर्ज बर्क्ली यांनी वस्तूचे असणे म्हणजे तिचे जाणले जाणे, असे प्रतिपादले. मग कोणी पाहत नसता वस्तू टिकते कशी? परमेश्वर ती जाणतो म्हणून, हे त्यांचे उत्तर. पुढे ते अँग्लिकन बिशप झाले.

आता पुन्हा मावळात येऊ. कामशेतहून पवनानगरकडे जाताना बेडसे लेणी लागतात. तेथील उंच खांब सुमारे दोन हजार वर्षे उभे आहेत. एका लेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद आहे. ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या मध्यंतरी लोपली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली आणि असे लेख पुन्हा बोलू लागले. कोणाच्याही स्मरणात नसलेले नाव दगडाने जपून ठेवले होते. जे आपल्या मनात नव्हते, ते या दगडाने आपणांस सांगितले.

हा गणितासारखा निर्णायक पुरावा नव्हे. वसुबंधूंचा अनुयायी यावरही उत्तर शोधील. तरीही हा वाद पोकळ नाही. जग माझ्याच मनाचा भास असेल, तर शेजाऱ्याची भूकही भास, आणि धरणाखाली ज्याची जमीन गेली त्याचे दुःखही भास. असे मानून कोणालाही न्यायाने जगता येत नाही.

बेडशाच्या त्या लेखातील ‘दान’ हा शब्द म्हणूनच मोलाचा वाटतो. देणारा आणि घेणारा असे दोघे असल्यावाचून दान होत नाही. जग आपण रचलेले नाही. ते आपणांस मिळालेले आहे.