क्रूझची सफर : चुडाव्याहून बॅलार्ड पिअरपर्यंतची पूर्वतयारी

प्रतिनिधी / चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी)

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे लहानसे स्थानक. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील या गावापासून मुंबईचा धक्का रेल्वेने सुमारे सहाशे किलोमीटर अंतरावर आहे. एकेकाळी सिंधुबंदीच्या धाकाने समुद्र ओलांडणे निषिद्ध मानणाऱ्या समाजात आता सहकुटुंब क्रूझ सफरीची चौकशी होऊ लागली आहे. परंतु समुद्रापासून दूर राहणाऱ्या कुटुंबाला या सहलीतील खरा धोका समुद्रात नसून जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीच असतो. गाडी उशिरा पोहोचली, ओळखपत्रावरील नाव जुळले नाही किंवा पावसाळ्याचा अंदाज चुकला, तर वर्षभर साठविलेली रक्कम वाया जाण्याची वेळ येते. म्हणूनच या सफरीची सिद्धता घरूनच, आणि पुरेशी आधी, होणे आवश्यक ठरते.

कोकण बोटीपासून क्रूझपर्यंत

महाराष्ट्राला प्रवासी बोटी नव्या नाहीत. मुंबईहून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करीत गोव्याकडे जाणाऱ्या बोटींनी चाकरमान्यांच्या अनेक पिढ्यांची ने-आण केली. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, ती आठवण किनारपट्टीवर अद्याप पुसलेली नाही. तो काळ प्रवास ही गरज असण्याचा होता. क्रूझमध्ये मात्र प्रवास हेच पर्यटन असते. निवास, भोजन, करमणूक आणि वाहतूक या चारही गोष्टी एकाच तिकिटात येतात, हे तिचे वैशिष्ट्य होय.

ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' या जहाजाने मुंबई-गोवा सेवा सुरू केली. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरींवर जाऊ लागले. १९९० साली बांधलेल्या या जहाजाची सकल क्षमता ४८ हजार टनांहून अधिक, म्हणजे 'टायटॅनिक'पेक्षा किंचित जास्त आहे. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या महाकाय जहाजाची क्षमता मात्र सुमारे अडीच लाख टन आहे. येथे 'टन' हे वजनाचे नव्हे, तर जहाजाच्या अंतर्भागातील आकारमानाचे माप आहे, हे ध्यानी घ्यावे. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाल्याने प्रवाशांची सोयही वाढली आहे.

हंगाम आणि सफरीची निवड

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेनंतर दर्यात होड्या लोटण्याची कोळी समाजाची रीत याच अनुभवातून आलेली आहे. मुंबईहून सफर करावयाची असल्यास नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. दिवाळी, नाताळ आणि शालेय सुट्यांमध्ये दर चढे असतात. शेतीशी निगडित कुटुंबांनी पिकांचे वेळापत्रकही पाहावे. सोयाबीनची काढणी आटोपल्यावर आणि हळदीची काढणी सुरू होण्यापूर्वीचे दिवस या भागातील कुटुंबांना सोयीचे ठरतात. तारीख बदलल्यास किती रक्कम कापली जाते, हे आरक्षणापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

पहिल्या सफरीसाठी दोन किंवा तीन रात्रींचा कार्यक्रम पुरेसा आहे. समुद्र मानवतो की नाही, याची परीक्षा त्याहूनही स्वस्तात होऊ शकते. मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट जाते. सुमारे तासाभराच्या या प्रवासात वृद्ध आई-वडिलांना किंवा लहान मुलांना त्रास होतो काय, हे कळून येते.

लक्षद्वीपच्या सफरीसाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो. त्याची कागदपत्रे कोण पूर्ण करणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. तेथे मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. प्रवाशांना खोल पाण्यात लहान बोटीत उतरावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा विचार करावा. समुद्र खवळलेला असल्यास उतरणे रद्दही होऊ शकते.

तिकिटात काय, तिकिटाबाहेर काय

जाहिरातीतील दर बहुधा 'प्रतिव्यक्ती, एका खोलीत दोघे' या हिशोबाने दिलेला असतो. एकट्या प्रवाशाला खोलीचे जवळपास दुप्पट भाडे पडू शकते. त्यावर बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि वस्तू व सेवा कर यांची भर पडते. मुख्य भोजनगृहातील जेवण तिकिटात समाविष्ट असते. परंतु मद्य, विशेष उपाहारगृहे, इंटरनेट, मसाज, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरील सहली यांचे पैसे सहसा वेगळे मोजावे लागतात. जहाजावर रोख व्यवहार जवळजवळ होत नाहीत. खोलीची किल्ली असलेल्या कार्डावरच खर्च नोंदला जातो आणि हिशोब अखेरच्या दिवशी हाती येतो. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालण्याची आणि दररोज हिशोब तपासण्याची दक्षता घ्यावी.

खोल्यांचे मुख्य प्रकार चार : खिडकी नसलेली आतली खोली, समुद्राकडे खिडकी असलेली, सज्जा असलेली आणि प्रशस्त स्वीट. खोलीत केवळ झोपण्यापुरते जाणार असाल, तर आतली खोली किफायतशीर ठरते. मात्र कोंदट जागेत घाबरणाऱ्यांनी ती टाळावी. समुद्राची लाट लागण्याचा त्रास असल्यास जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील खोली मागावी. तेथे हेलकावे सर्वात कमी जाणवतात. शाकाहारी वा जैन भोजनाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी.

नाव एक, स्पेलिंग तीन

ग्रामीण कुटुंबांची सर्वाधिक अडचण कागदपत्रांत होते. आधार कार्डावर एक, मतदार ओळखपत्रावर दुसरे आणि तिकिटावर तिसरेच स्पेलिंग, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जे ओळखपत्र धक्क्यावर दाखवायचे, त्याच्यावरील नाव अक्षरशः तसेच तिकिटावर उतरवावे. देशांतर्गत सफरीतही प्रत्येकाचे, अगदी मुलांचेही, मूळ ओळखपत्र सोबत असावे. भ्रमणध्वनीतील छायाचित्रावर विसंबू नये.

सिंगापूर, दुबई किंवा युरोपातील क्रूझ असेल, तर पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशाला भेट देते आणि पुन्हा पहिल्या देशात परतते. अशा वेळी एकदाच प्रवेश देणारा व्हिसा निरुपयोगी ठरतो. एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असलेला व्हिसा लागतो. परदेश सहलीच्या रकमेवर कापला जाणारा टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यासाठी पावती जपून ठेवावी.

गाडी चुकली तर जहाज थांबत नाही

चुडावा परिसरातील प्रवाशांनी पूर्णा अथवा नांदेड येथून मुंबईची गाडी धरणे सोयीचे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत पोहोचता येते. तपोवन एक्स्प्रेस दिवसा धावून रात्री पोहोचते. ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत वाढविलेली वंदे भारत दुपारी मुंबईत दाखल होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

हे अंतर कमी असले, तरी जहाज सुटण्याच्या दिवशीच मुंबई गाठण्याचा मोह टाळावा. मनमाडजवळ गाडी दोन तास रखडली, तर ती भरपाई पुढे होईलच असे नाही. जहाजाची प्रवेशद्वारे प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळेपूर्वीच बंद होतात आणि वेळेत न पोहोचणाऱ्याला भाडे परत मिळत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. एक दिवस आधी पोहोचून मुंबईत मुक्काम करावा. लॉजचे एका रात्रीचे भाडे हा या सफरीतील सर्वात स्वस्त विमा होय. परतीच्या दिवशीही हेच धोरण ठेवावे. जहाज सकाळी लागले, तरी सामान व तपासणी आटोपण्यास वेळ लागतो. त्यामुळे सायंकाळनंतरच्या गाडीचे आरक्षण करावे.

मोठ्या बॅगा धक्क्यावर जमा होतात आणि खोलीत काही तासांनी पोहोचतात. औषधे, ओळखपत्रे, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातील पिशवीत ठेवावा. इस्त्री, विजेची शेगडी, चाकू आणि बाहेरचे मद्य नेण्यास मनाई असते.

आरोग्य आणि सुरक्षितता

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा काँकॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जणांनी प्राण गमावले. त्या जहाजावरील शेकडो नवागत प्रवाशांची सुरक्षा कवायत तोपर्यंत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ही कवायत घेणे २०१५ पासून बंधनकारक झाले. तेव्हा सेल्फी काढत बसण्याऐवजी आपले जमण्याचे ठिकाण कोणते आणि जीवरक्षक जॅकेट कसे बांधावे, हे लक्षपूर्वक पाहावे. सात लहान भोंगे आणि त्यानंतर एक लांब भोंगा, हा संकटाचा इशारा घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

लाट लागत असल्यास मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामे ठेवू नये आणि तेलकट खाणे टाळावे. आल्याचा तुकडा अनेकांना उपयोगी पडतो. गोळी घ्यायची झाल्यास घरच्या डॉक्टरांचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा. मधुमेह व रक्तदाबाची औषधे नियोजित दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची जादा न्यावीत. जहाजावर डॉक्टर असतो; परंतु उपचार महाग पडतात आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च मोठा असतो. हा खर्च भरून देणारा प्रवास विमा परदेशी सफरीसाठी अनिवार्य समजावा. प्रगत गर्भावस्थेतील महिला आणि सहा महिन्यांखालील बालकांना अनेक कंपन्या प्रवेश देत नाहीत. बंदिस्त जागेत पोटाचे आजार झपाट्याने पसरतात, म्हणून जेवणापूर्वी साबणाने हात धुण्यास पर्याय नाही.

किनारा दिसेनासा होताच भ्रमणध्वनी 'फ्लाइट मोड'वर टाकावा. अन्यथा तो जहाजावरील उपग्रह जाळ्याशी जोडला जाऊन मोठे बिल येण्याची शक्यता असते. त्यापूर्वी घरी फोन करून परतीची वेळ कळवावी.

किनाऱ्यावरचे काही तास

गोव्याला जाणारे जहाज मुरगाव बंदरात लागते. तेथून पणजी सुमारे तीस किलोमीटर. हाती पाच-सहा तासच असतील, तर कळंगुटपर्यंत धावाधाव करण्यापेक्षा जुने गोवे आणि पणजी एवढ्यावर समाधान मानणे इष्ट. स्वतंत्र टॅक्सी स्वस्त पडते. परंतु परतण्यास उशीर झाल्यास जहाज प्रतीक्षा करीत नाही. म्हणून ठरलेल्या वेळेच्या किमान एक तास आधी धक्क्यावर हजर राहावे.

उरलेला वेळ मात्र निवांतपणासाठी राखावा. करमणुकीच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजेरी लावलीच पाहिजे, असा अट्टहास नको. ज्यांनी आयुष्यभर गोदावरीच्या पलीकडचा काठ पाहिला, त्यांना पलीकडचा काठच नसलेले पाणी डेकवरून न्याहाळण्यासाठी कोणतेही जादा शुल्क द्यावे लागत नाही. पूर्वतयारी नीट झालेली असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना पहाटेचा तो तास निर्धास्तपणे अनुभवता येईल.