घड्याळ पुढेच ठेवायचं ठरलं, आणि पोरं अंधारात उभी राहिली

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

दर रविवारी रात्री साडेआठला आमच्या आईचा डेट्रॉइटला फोन असतो. तिची भाची, म्हणजे माझी मावसबहीण, तिकडे राहते. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि नोव्हेंबर लागला की एकदम दहा. "यांचं घड्याळ परत कोणी सरकवलं रे?" हा आईचा दरवर्षीचा प्रश्न. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. वर्षातून दोनदा त्यांच्या कॅबची वेळ तासाने इकडची तिकडे होते.

मागच्या नोव्हेंबरात बहीण फोनवर म्हणाली, "मावशी, हे पुढेमागे करणं आता कायमचं बंद करा म्हणतायत. घड्याळ पुढेच ठेवायचं."

आई म्हणाली, "बरं होईल की."

"कसलं बरं? पोराची बस सव्वासातला येते. आत्ताच जानेवारीत आठपर्यंत उजाडत नाही. मग नऊ वाजतील."

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. कारण हा प्रयोग अमेरिकेने एकदा करून पाहिलाय, आणि तो कसा संपला हे बहुतेकांच्या लक्षात नाही.

आधी मूळ भानगड काय ते सांगतो. मुंबईत सगळ्यात लहान दिवस साधारण अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. सव्वादोन तासांचा फरक आपल्याला जाणवतसुद्धा नाही. शिकागोत हाच फरक सहा तासांचा आहे. तिथे जूनमध्ये लोक झोपेत असतानाच सूर्य डोक्यावर येऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलायचं, लोक आपोआप तासभर लवकर उठतात आणि संध्याकाळी ऊन जास्त मिळतं. याला म्हणतात डेलाइट सेव्हिंग टाइम. आपण उन्हाळी वेळ म्हणू. हिवाळ्यात घड्याळ परत मागे.

ही कल्पना शेतकऱ्यांसाठी निघाली, असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. उलट आहे. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात जर्मनीने कोळसा वाचवायला ती देशभर लागू केली आणि मग इतरांनी उचलली. अमेरिकेत ती १९१८ मध्ये आली आणि शेतकऱ्यांनीच इतका विरोध केला की १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने ती रद्द केली. (काँग्रेस म्हणजे तिकडची संसद, आपल्याकडची नव्हे!) शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं. गवतावरचं दव सूर्य वाळवतो, घड्याळ नाही.

दुसऱ्या महायुद्धात ती परत आली, बाराही महिने. युद्ध संपल्यावर ज्या गावाला जे वाटेल ते. ओहायोतल्या स्ट्यूबेनव्हिलहून वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलला जाणारी एक बस होती. अंतर ३५ मैल, आणि सगळ्या गावांच्या वेळा पाळायच्या तर प्रवाशाने घड्याळ सात वेळा बदलायचं! शेवटी १९६६ मध्ये कायदा करून सगळ्यांना एका रांगेत आणलं. ज्याला उन्हाळी वेळ नको त्या राज्याने घेऊ नये, एवढी सूट ठेवली. ॲरिझोनाने १९६७ चा एक उन्हाळा ती वापरून पाहिली आणि हात जोडले. मे महिन्यात नागपूरकराला कोणी म्हणालं, "तुम्हाला संध्याकाळी एक तास ऊन जास्त देतो," तर तो काय म्हणेल? तेच ॲरिझोना म्हणालं.

आता खरी गोष्ट. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नोव्हेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी ऊर्जा वाचवण्याचे जे उपाय मांडले त्यात हा एक होता: उन्हाळी वेळ वर्षभर ठेवायची. काँग्रेसने कायदा भराभर मंजूर केला, डिसेंबरात सही झाली आणि ६ जानेवारी १९७४ ला, ऐन हिवाळ्यात, देशाची घड्याळं एक तास पुढे गेली. एप्रिल १९७५ पर्यंत प्रयोग चालायचा होता. डिसेंबरमधल्या पाहणीत ७९ टक्के लोक याच्या बाजूने होते. एवढा पाठिंबा निक्सनना त्या काळात दुसऱ्या कशालाच मिळत नव्हता, वॉटरगेट चालू होतं!

मग सोमवार उजाडला. म्हणजे उजाडलाच नाही. राजधानी वॉशिंग्टनमध्ये त्या दिवसांत सूर्योदय साडेआठच्या सुमारास होत होता. पोरं त्याच्या आधी शाळेला निघायची. रस्त्याच्या कडेला, बसथांब्यावर, मिट्ट काळोखात. आईबापांनी पोरांच्या हातात बॅटऱ्या दिल्या, कपड्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. काही शाळांनी वेळ पुढे ढकलली. आता बघा गंमत, घड्याळ तासभर पुढे आणि शाळाही तासभर पुढे, म्हणजे मिळवलं काय?

फ्लोरिडात पहिल्या काही आठवड्यांत शाळेची आठ मुलं वाहनांच्या अपघातात गेली. गव्हर्नर रूबिन आस्क्यू यांनी हा कायदाच मागे घ्या अशी मागणी केली. त्या आठातला प्रत्येक अपघात अंधारामुळेच झाला का, यावर नंतर आकडेमोड करणारे वाद घालत बसले. पण काळोखात पोराला थांब्यावर सोडून परत फिरणाऱ्या बापाला त्या आकडेमोडीशी काय घेणं? फेब्रुवारीत पाठिंबा ४२ टक्क्यांवर आला. ऑगस्टमध्ये निक्सन स्वतःच गेले. ५ ऑक्टोबर १९७४ ला नवे अध्यक्ष फोर्ड यांनी दुरुस्तीवर सही केली आणि पुढच्या हिवाळ्यात घड्याळ परत मागे आलं. ज्या विजेसाठी हे सगळं केलं, तिची बचत सरकारच्याच अभ्यासात एक टक्क्याच्या आसपास निघाली, आणि तीही मार्च-एप्रिलमधली.

ब्रिटननेही हे केलंय, आणि तिथली गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. १९६८ ते १९७१ अशी तीन वर्षं तिथे घड्याळ पुढेच होतं. स्कॉटलंडच्या उत्तर भागात डिसेंबरात दहाच्या सुमारास सूर्य दिसायचा. तिथेही पोरांच्या दंडाला चमकत्या पट्ट्या. डिसेंबर १९७० मध्ये खासदारांनी ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग गुंडाळला. पण सरकारी आकडे वेगळंच सांगत होते. सकाळचे अपघात वाढले होते हे खरं, पण संध्याकाळचे त्याहून जास्त कमी झाले होते. एकूण हिशोबात माणसं वाचली होती! दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्याची श्वासचाचणी तिथे १९६७ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हाही घोळ होताच. तरी प्रश्न उरतोच. सकाळी गेलेल्या पोराचं नाव पेपरात येतं. संध्याकाळी उजेडामुळे जो वाचला त्याला स्वतःलाही कळत नाही की आपण वाचलो. कायदा करताना यातलं कोण मोजायचं? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. एवढंच दिसतं की लोक पहिल्याला मोजतात, आणि त्यांना त्यासाठी अडाणी ठरवणं मला पटत नाही.

रशियाने २०११ मध्ये तेच केलं. तीन हिवाळे काळोख्या सकाळी काढल्या आणि २०१४ मध्ये घड्याळ मागे घेऊन तिथेच थांबवलं.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतात प्रमाणवेळ आणली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. ज्याचं घर घड्याळावर चालत नव्हतं त्याला काय फरक पडणार? पण गिरणीचा भोंगा घड्याळावर वाजायचा. भोंगा त्याच आकड्यावर ठेवला तर कामगाराने ३९ मिनिटं आधी उठायचं, तेही जानेवारीच्या थंडीत. त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी बदलाविरुद्ध किल्ला लढवला. लोकांना न विचारता त्यांची वेळ बदललीच कशी, हा त्यांचा मुद्दा. महापालिकेने मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. रेल्वेचं घड्याळ एक, महापालिकेचं दुसरं. गाडी चुकली की कोणतं घड्याळ बघून निघालात ते आधी सांगायचं!

आणि हो, भारतातही उन्हाळी वेळ होती. युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाचं घड्याळ प्रमाणवेळेच्याही एक तास पुढे होतं. त्या घड्याळात जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वाआठला.

परत अमेरिकेत येऊ. १५ मार्च २०२२ ला तिथल्या सिनेटने उन्हाळी वेळ कायम करणारं विधेयक एकमताने मंजूर केलं. मतदान नाही, चर्चा नाही. कोणी हरकत घेतली नाही म्हणून मंजूर. तारीख नीट बघा. घड्याळं पुढे गेली होती १३ मार्चला, म्हणजे फक्त दोन दिवस आधी. सगळे अर्धवट झोपेत, वैतागलेले आणि समोर छान लांब संध्याकाळ. अशा वेळी "बदल बंद करा" याला नाही कोण म्हणेल? खालच्या सभागृहाने ते विधेयक घेतलंच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिनेटमध्ये पुन्हा तसाच प्रयत्न झाला, पण या वेळी आर्कान्सॉचे टॉम कॉटन यांनी हरकत घेतली आणि गाडी अडली.

घड्याळाची ही ढकलाढकली नको, यावर तिकडे बऱ्यापैकी एकमत आहे. ते कुठे थांबवायचं यावर नाही. झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर म्हणतात, मागे थांबवा, शरीराला सकाळचा उजेड लागतो. दुकानं, गोल्फ कोर्स, पर्यटनवाले म्हणतात, पुढे थांबवा, संध्याकाळी गिऱ्हाईक येतं. आणि कायद्याची गंमत अशी की घड्याळ मागे थांबवायला राज्यांना आजही मोकळीक आहे. हवाई आणि ॲरिझोना तसंच राहतात. पुढे थांबवायला मात्र काँग्रेसची परवानगी लागते. जवळपास वीस राज्यांनी ती मिळेल या आशेवर ठराव आणि कायदे करून ठेवलेत. जे आज करता येतं ते कोणाला नकोय, आणि जे हवंय त्याचा अनुभव १९७४ मध्ये घेतलेला आहे. त्या जानेवारीत बॅटरी घेऊन थांब्यावर उभी असलेली पोरं आज साठीच्या आसपास असतील.

माझं मत विचाराल तर मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. पण मला सकाळी सव्वासातची बस पकडायची नसते, आणि दुकानही चालवायचं नाही, तेव्हा माझं मत स्वस्तातलं आहे.

१९४२ ते ४५ च्या त्या पुढे ढकललेल्या घड्याळाबद्दल तुमच्या घरातल्या कोणा आजी-आजोबांकडून काही ऐकलं असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. शाळा किती वाजता भरायची, गिरणीचा भोंगा कधी व्हायचा, घरात कोणती वेळ पाळायचे, काहीही चालेल. याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं.