भाड्याचे जाणकार, घरचे सुतार

लढाऊ जहाजे बांधण्यासाठी पगार देऊन परके जाणकार ठेवण्याचा प्रयोग मराठी मुलखात १६५९ मध्ये झाला. कल्याण-भिवंडी १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि खाडीतून थेट समुद्राची वाट मोकळी झाली. देशावरच्या माणसाला मात्र खारे पाणी परकेच होते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब घेतले (आजच्या जालना जिल्ह्यातले), तर तिथून किनारा तीनशे किलोमीटरहून लांब. कोळी, भंडारी, गाबीत दर्या ओळखून होते. पण मासेमारीचा मचवा बांधणे वेगळे आणि तोफांचा भार व धक्का सोसणारे गलबत बांधणे वेगळे.

म्हणून रुई लैतांव विएगश हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा कामावर घेतले गेले. त्यांच्या हाताखाली पोर्तुगीज आणि मिश्रवंशी मिळून सुमारे ३४० माणसे होती. जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध हवीत, असे सांगण्यात आले होते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाला हे पटले नाही. आज सिद्दीवर जाणारे आरमार उद्या आपल्यावरही येईल, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. त्याने विएगशला गुपचूप समजावले आणि ही सगळी मंडळी काम टाकून निघून गेली.

काम थांबले नाही. अर्धवट सांगाडे आणि त्यांवर राबलेले स्थानिक सुतार-लोहार तिथेच होते. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीवर निघाले तेव्हा ८५ छोटी लढाऊ गलबते आणि ३ मोठी जहाजे सोबत होती.

या कारागिरांनी युरोपी जहाजाची नक्कल केली नाही, हे जास्त महत्त्वाचे. मराठी आरमाराची भिस्त गुराब आणि गलबत यांवर राहिली. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. दोन काठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची ३०० टनांच्या आसपास. बूड रुंद, त्यामुळे उथळ पाण्यातही चालणारी. नाळ लांब, पुढे आलेली, आणि तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. एरवी जहाज आडवे करून बाजूच्या तोफा डागाव्या लागत. गुराब शत्रूकडे तोंड करूनच मारा करी. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांवर. पण चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की इंग्रजांचे शिडाचे जहाज जागीच खिळे, गलबत मात्र त्याच वेळी हल्ल्याला येई. १६७९ मध्ये खांदेरीच्या वेढ्यात मुंबईकर इंग्रजांना याचाच मनस्ताप झाला. मराठी होड्या किनाऱ्यावरून रसद घेऊन बेटावर पोहोचत आणि इंग्रजांची जड जहाजे त्यांना अडवू शकत नसत.

हे अनुभवाचे ज्ञान कागदावर आले ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास. त्यातले आरमाराचे प्रकरण आजच्या भाषेत तांत्रिक सल्लाच आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी थोर जहाजे कामाची नाहीत. एका सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत. तोफा, बंदुका, दारूगोळ्याबरोबर दिशा दाखवणारे होकेही हवेत. लाकडाविषयीचा भाग तर दोनदा वाचावा असा. सागवान परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे रयतेने पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावे.

फेब्रुवारी १७५६ मध्ये मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग किल्ला पडला. त्याच सुमारास मुंबईत दुसरी परंपरा रुजत होती. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या वंशजांनी इंग्रजी आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ चा नानकिंगचा तह झाला, ते १८१३ चे जहाज त्यांचेच. याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाफेच्या इंजिनांचे जाणकार. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते पहिले भारतीय सदस्य झाले. तरी आरमार कसे असावे, हे ठरवणारे लोक लंडनमध्येच होते.

तो अधिकार परत यायला स्वातंत्र्यानंतरही काही दशके गेली. माझगाव डॉक १९६० मध्ये सरकारने ताब्यात घेतले. तिथली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा, आणि मार्गदर्शनही ब्रिटिश कंपन्यांचे. लिअँडर वर्गाच्या सहा नौका एकापाठोपाठ बांधताना इथल्या अभियंत्यांनी आराखड्यात स्वतःचे बदल सुरू केले. पुढच्या वर्गाचा आराखडा नौदलाच्या आपल्याच तज्ज्ञांनी केला: लिअँडरचा सांगाडा वाढवून दोन सी-किंग हेलिकॉप्टरांना जागा, रशियन क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य रडार आणि भारतीय सोनार. इतक्या ठिकाणची यंत्रे एका जहाजात जुळवणे हेच खरे कौशल्य होते, आणि ते विकत मिळणारे नव्हते. या वर्गाची पहिली नौका डिसेंबर १९८३ मध्ये सेवेत आली. तिचे नाव ‘गोदावरी’. २०१५ च्या अखेरीस ती निवृत्त झाली.